खुनाच्या प्रयत्नाला शिक्षा कमी वाटते? निकाल शेवटच्या पानापासून वाचा

‘एवढीच शिक्षा?’ हा संताप हायकोर्टात चालत नाही. आधी निकाल देणाऱ्या सत्र न्यायालयाच्या, उदाहरणार्थ ठाण्याच्या, नक्कल विभागात निकालाच्या प्रमाणित नकलेचा (कोर्टाच्या अधिकृत प्रतीचा) अर्ज टाका.

शेवटच्या पानावर कलम बघा. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ३०७, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०९. दोन्हींत कमाल १० वर्षं, जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. किमान शिक्षा नाही, सगळा घोळ तिथेच. ‘पाच वर्षं लागली आणि लगेच सुटला’ याचं कारण बहुतेकदा कच्च्या कैदेचे (निकालाआधी तुरुंगात काढलेले) वजा झालेले दिवस असतात. ती मेहेरबानी नव्हे, कायदाच आहे.

आरोप ३०७ चा, पण दोषी ३२६ किंवा ३२४ (घातक हत्याराने गंभीर किंवा साधी दुखापत) खाली धरलं असेल, तर पीडित स्वतः हायकोर्टात अपील करू शकतो. नुकसानभरपाई अपुरी असली तरीही. ३०७ कायम आणि फक्त वर्षं कमी, तर मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलंय. शिक्षावाढीचं अपील सरकारचं, मुदत ६० दिवस. जिल्हा सरकारी वकिलांकडून मंत्रालयात विधी व न्याय विभागापर्यंत फाइल सरकायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सरकार हललं नाही तर पीडिताला हायकोर्टात फौजदारी पुनरीक्षण अर्ज (खालच्या कोर्टाचा निकाल तपासून बघा, असा) करता येतो, मुदत ९० दिवस.

नकलेवरच्या तारखा तपासा. अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात. तयार नक्कल खिडकीवर पडून राहिली, ते दिवस मात्र तुमचे गेले.

आता शिक्षेवरच्या सुनावणीचा परिच्छेद. कोर्टाने वय, पहिला गुन्हा, घरची जबाबदारी अशी कारणं दिली असतील, तर त्यांच्यासमोर पुरावा मांडा: हत्यार कोणतं, वार किती, कुठे, जखम किती खोल. ‘चॉपरचे तीन वार, एक मानेवर, डॉक्टरांची साक्ष अमुक पानावर’ असं लिहा. ‘समाजात दहशत पसरली’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. ते कोणी वाचत नाही. मानेवरच्या वाराचा शिक्षा देताना उल्लेखच नसेल, तर तुमचा मुद्दा तोच. न्यायाधीशांनी सगळं तोलून पाच वर्षं दिली असतील, तर हायकोर्ट सहसा हात घालत नाही.

आणखी एक, जे बरेच वकील उशिरा सांगतात: शिक्षावाढीच्या सुनावणीत आरोपीला निर्दोष सुटकाही मागता येते. साक्षीदार कच्चा असेल तर आधी हे तोलून बघा.