डुकराच्या दूध तोडलेल्या पिल्लांचा पहिला आठवडा : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

बेळगाव भागात पशुखाद्याच्या कामात उतरलात तर बहुतेक दिवस कोंबड्या आणि म्हशींत जातील. डुकरांचे फार्म कमी, तेही खानापूरकडे आणि शहराच्या कडेकडेने विखुरलेले. मालाला बरंचसं गिऱ्हाईक चोर्ला घाटापलीकडे, गोव्यात. स्थळ बघायला आलेल्यांपुढे ‘आमची मुलगी डुकरांचं बघते’ म्हणायला घरचे कचरतात, हेही आधीच सांगून ठेवते. पण पशुपोषण खरंच शिकायचं असेल तर नुकतंच दूध तोडलेलं पिल्लू हातात घ्याच. खाद्यात काय चुकलं ते तीन दिवसांत शेपटीखाली दिसतं.

बिदर विद्यापीठाच्या कॉलेजात शिका नाहीतर शिरवळला, पिल्लांची हगवण आपण ई. कोलायपासून शिकतो : जंतू, औषध, डोस. फार्मवर गोष्ट त्याच्या आधीच सुरू झालेली असते. आईजवळ असताना पिल्लू साधारण तासातासाला पितं, रात्रीसुद्धा. डुकरीण घुरघुरून हाक देते आणि सगळी एकदम सडांना लागतात. दूध तोडलं की ती हाक बंद, आणि पुढ्यात कोरडा भरडा. कित्येक पिल्लं पहिला दिवस उपाशी काढतात, काही दुसराही. आतड्याच्या अस्तरावर अन्नरस शोषणारे बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. या उपासानं ते चार-पाच दिवसांतच आखूड होतात. त्यात दुधातल्या साखरेपासून पोटात तयार होणारं लॅक्टिक आम्लही थांबलेलं, आणि पिल्लाचं स्वतःचं आम्ल अजून पुरेसं सुटत नाही. मग तिसऱ्या दिवशी भूक अनावर होऊन ते अधाशासारखं खातं. न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात जाऊन कुजतं आणि ई. कोलायचं फावतं. औषधाची बाटली या साखळीच्या अगदी शेवटी येते.

म्हणून लॅपटॉपवर फॉर्म्युला उघडण्याआधी शेडमध्ये उतरा. “खायलेत की मॅडम, गव्हाण रिकामी हाय बघा,” हे वाक्य तुम्हाला प्रत्येक फार्मवर ऐकायला मिळेल. गव्हाण रिकामी असतेच, कारण दोन दांडगी पिल्लं ती साफ करतात. मी एकेक पिल्लू उचलून पोटाखाली तळहात लावते. खाल्लेल्याचं पोट गोल आणि भरीव लागतं; उपाशी असलेल्याची कूस आत गेलेली, पाठ किंचित कमानलेली, केस उभे. त्यांच्या पाठीवर रंगाची खूण करायची आणि त्यांना कोमट पाण्यात कालवलेलं खाद्य उथळ ताटलीत द्यायचं, आंबिलीइतकं पातळ, दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. उरलेलं दर वेळी काढून ताटली धुवायची. पिल्लांना एकत्र खायची सवय असते, तेव्हा सगळ्यांची तोंडं एकाच वेळी पोचतील एवढी जागा हवी. नुकतंच दूध तोडलेल्यांना ऊब 26 ते 28 अंशांची लागते. खानापूरच्या पावसाळी रात्री उघड्या शेडमध्ये ती मिळत नाही. एकावर एक रचून झोपलेली पिल्लं दिसली की समजा, खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यातच जातंय.

पाणी मात्र हमखास विसरलं जातं. पाणी प्यायच्या निपलखाली लिटरची बाटली धरा, मोबाइलवर वेळ लावा. दोन मिनिटांत भरली पाहिजे. पहिल्या दिवशी निपल थोडं ठिबकत ठेवलं की पिल्लांना ते सापडतं.

आता खाद्य. मका आणि सोयाबीन दोन्ही आपल्याकडचंच, त्यामुळे शेतकऱ्याला वाटतं घरचंच दळून घालावं. कच्चं सोयाबीन अजिबात नको, त्यात प्रथिन पचू न देणारे घटक असतात; ते नीट भाजलेलं हवं किंवा पेंड वापरावी. पेंडीतलीही काही प्रथिनं कोवळ्या आतड्याला सोसत नाहीत, म्हणून आईजवळ असतानाच दहाव्या दिवसापासून चिमूटभर खाद्य पुढ्यात ठेवायची सवय लावावी. प्रथिन जास्त म्हणजे वाढ जास्त, हा समज सगळ्यात चिवट. पहिल्या दोन आठवड्यांत 18 टक्क्यांच्या आसपास प्रथिन ठेवून लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं वरून घालणं हगवणीच्या दृष्टीनं बरं. चुनखडीच्या पावडरीतही हात आखडता ठेवा. ती पोटातलं आम्ल मारते. दुधातली साखर मिळावी म्हणून व्हे पावडर (पनीर-चीजचं पाणी सुकवून केलेली) घालतात, पण ती महाग. जवळ पनीर करणारी डेअरी असेल तर ताज्या पनीरच्या पाण्यात खाद्य कालवता येतं. ताज्या म्हणजे त्याच दिवसाच्या. आणि मका 12-13 टक्के ओलाव्याच्या वर असेल तर पोत्याला हात लावू नका. बुरशीचं विष पिल्लाला मोठ्या डुकरापेक्षा लवकर बाधतं.

हगवण दिसली की शेतकरी ‘ती पांढरी पावडर’ मागतो. झिंक ऑक्साइड टनाला अडीच-तीन किलो घातलं की हगवण आटोक्यात येते, यात शंका नाही. पण बहुतेक झिंक शेणातून तसंच बाहेर पडतं आणि आपल्याकडे ते शेण उसाला जातं. युरोपीय संघानं औषधी मात्रेतला त्याचा वापर 2022 मध्ये बंद केला. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापरायला भारतात 2019 पासून बंदी आहे. कुणी जुन्या साठ्यातलं काढून दिलं तरी घेऊ नका.

पापण्या सुजलेलं, झोकांड्या खाणारं पिल्लू दिसलं, आणि तेही कळपातलं सगळ्यात गुबगुबीत, तर हा ई. कोलायच्या विषाचा सूजरोग असू शकतो. तिथे सल्लागारकी थांबवा, पशुवैद्याला बोलवा, आणि तोवर खाद्य निम्म्यावर आणा.

हॉटेलचं खरकटं घालणाऱ्यांकडे जाल तेव्हा ते उकळतात का, हे आधी विचारा. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा विषाणूरोग न उकळलेल्या खरकट्यातूनही पसरतो. भारतात तो 2020 मध्ये आसाम-अरुणाचलमध्ये पहिल्यांदा आला आणि त्याला उपचार नाही. गमबूट फार्मचेच वापरा, स्वतःचे गाडीतच राहू द्या. सरकारी फॉर्म कन्नडमध्ये, मालकाशी बोलणं मराठीत, गोव्याच्या व्यापाऱ्याशी कोकणीत; या तिन्हींत निदान ‘कालपासून किती खाल्लं?’ एवढं विचारता आलं पाहिजे.