सागू माड: लावण्याआधी आणि तोडण्याआधी या चुका टाळा

पहिली चूक ओळखण्यातच होते. नर्सरीत ‘सागो पाम’ म्हणून कुंडीत मिळतं ते सायकस. ते माडाच्या कुळातलंही नाही आणि त्याच्या बिया विषारी असतात. घरात कुत्रा असेल तर जास्तच जपा. आपला उपासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून, मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या आसपास बनतो. खरा सागू माड न्यू गिनी आणि मालुकू बेटांकडचा. त्याच्या खोडातला गाभा म्हणजेच स्टार्चचं कोठार. पापुआत आणि मालुकूत त्याची पापेडा नावाची चिकट लापशी रोजच्या जेवणात असते.

या पिकाचे हेक्टरी 25 टनांचे आकडे वाचून लोक हुरळतात. जरा हिशेब करा. 10 बाय 10 मीटरवर लावलं तर हेक्टरी 100 बेटं, म्हणजे मुनव्यांचे झुबके. प्रत्येक बेटातून दोन वर्षांनी एक खोड आणि खोडाला 200 किलो स्टार्च धरला, तर वर्षाला 10 टन. तेही पहिली साधारण 10 वर्षं थांबल्यावर. तरी हे वाईट नाही, कारण दरवर्षी नांगरट नाही, पेरणी नाही, खोड तोडलं तरी बेट जिवंत राहतं. पण कर्जाचा हप्ता पहिल्या वर्षीच सुरू होणार असेल तर हे पीक तुमचं नव्हे.

खोड चढतच नाही, नुसती पानंच येतात? आधी जमीन बघा. मलेशियातल्या सारावाकमध्ये खोल पीटवर, म्हणजे कुजक्या झाडपाल्याच्या जाड थरावर, हाच अनुभव आला: वाढ मंद, अन्नद्रव्यं कमी, खोड उशिरा. मग बेट बघा. मुनवे वाट्टेल तसे वाढू दिले की सगळेच किरकोळ राहतात. केळीच्या बागेत करतो तेच इथे करायचं, फक्त घाई नको. दीड-दोन वर्षांनी एक मुनवा राखायचा, बाकीचे काढायचे.

दलदलीतलं झाड म्हणून कितीही पाणी चालेल, हाही गैरसमजच. सतत तुंबलेल्या पाण्यात त्याची वाढ खुंटते. उलट चूक त्याहून महाग पडते, ती म्हणजे कालवे खणून दलदल सुकवणं. सुकलेलं पीट खचतं, कार्बन सोडतं आणि पेट घेतं. इंडोनेशियातल्या मेरांती बेटांवर सुंगाई तोहोर गावाच्या सागूबागांना हा त्रास झाला. 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो स्वतः तिथे कालव्याला बांध घालायला गेले. सागूला शाश्वत म्हणायचं ते याच कारणाने, पाणी न उपसता तो पिकतो. पाणी उपसलं की सगळा मुद्दाच गेला.

तोडणीची वेळ ही तर खरी मेख. हा माड आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. स्टार्च साठवतो तो त्या एका तुऱ्यासाठी. फळं धरली की गाभा रिकामा होत जातो. सारावाकच्या मेलानाऊ शेतकऱ्यांकडे या अवस्थांना वेगवेगळी नावं आहेत. फुलोऱ्यातला तो ‘अंगाऊ मुदा’, फळांवरचा ‘अंगाऊ तुआ’. एवढं बारकाईनं बघणाऱ्याला कॅलेंडर लागत नाही.

स्टार्च तपकिरी आला तर दोष बहुधा झाडाचा नसतो. गाभा हवेवर काळवंडतो, त्यामुळे तोडलेले ओंडके पडून राहू देऊ नका. तिकडे ते नदीतून तराफ्यासारखे गिरणीपर्यंत आणतात. तिथेही उशीर झाला की उतारा घटतो. धुण्याचं पाणी पीटमधलं, चहाच्या रंगाचं असेल तरी रंग उतरतोच. आणि उरलेला चोथा नदीत लोटू नका. सारावाकच्या नद्यांनी तो बराच गिळलाय.

कोकणात लावू का, असं विचाराल तर मी नको म्हणेन. सहा-सात कोरडे महिने त्याला मानवत नाहीत. आपल्याकडे भेरली माड आहेच. तोही एकदाच फुलोऱ्याला लागतो, आणि त्याच्या गाभ्यातही स्टार्च असतो. केरळात तो खाण्याची जुनी रीत आहे.