सॉफ्टवेअर विकतचं की भाड्याचं? पैसे थांबल्यावर काय उघडतं, ते आधी बघा

पुण्यात टिळक रोडवरच्या कुठल्याही डीलरकडून कोटेशन मागवा, त्यात 'लाइफटाइम' हा शब्द हमखास सापडतो. हे लाइफ नेमकं कोणाचं, ते मात्र लिहिलेलं नसतं. तुमचं नाही, सॉफ्टवेअर कंपनीचंही नाही. बहुतेक वेळा ते असतं एका व्हर्जनचं, आणि कधी कधी नुसतं एका मदरबोर्डचं.

म्हणून 'विकत स्वस्त की भाड्यानं स्वस्त' हा हिशेब थोडा मागे ठेवा. आधी विचारायचं ते हे: पैसे भरणं थांबवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात काय उघडेल आणि काय उघडणार नाही? सीएची पेढी असो, आर्किटेक्टचं ऑफिस असो, अप्पा बळवंत चौकाजवळचं डीटीपी सेंटर असो की भोसरीतलं टूलरूम, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं आणि खरेदीही त्यावरच ठरते.

चार प्रकार, चार वेगळे शेवट

पहिला प्रकार गोठलेल्या व्हर्जनचा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2024 एकरकमी घेतलं की ते 2024 च राहतं. सुरक्षेची आणि चुका दुरुस्त करणारी अपडेट्स मिळतात, पण पुढचं व्हर्जन आलं तर ते पुन्हा पूर्ण पैसे देऊन घ्यायचं, अपग्रेडची सवलत नाही. अपडेट आणि अपग्रेड या दोन शब्दांत डीलर सर्रास गल्लत करतात. अपडेट म्हणजे आहे त्या व्हर्जनची डागडुजी. अपग्रेड म्हणजे पुढचं व्हर्जन. कोटेशनमध्ये 'फ्री अपडेट्स' लिहिलं असेल तर अपग्रेडबद्दल वेगळं लिहून मागा. अपडेट्सनाही तारीख असते: ऑफिस 2016 आणि 2019 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, 2021 चा 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, तर 2024 चा ऑक्टोबर 2029 पर्यंत. त्या तारखेनंतर प्रोग्रॅम चालतो, पण सुरक्षेची भोकं बुजवणारं कोणी नसतं.

दुसरा प्रकार विकतचं अधिक वार्षिक वर्गणी. टॅलीप्राइम हे घरोघरचं उदाहरण. लायसन्स कायमचं, पण नवीन रिलीज वापरायची तर टीएसएस, म्हणजे टॅलीची वार्षिक वर्गणी, चालू हवं. पहिल्या वर्षाचं टीएसएस खरेदीतच येतं, पुढे रिन्यूअल दरवर्षी लायसन्सच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं पडतं. टीएसएस संपलं तरी टॅली बंद पडत नाही. संपण्याच्या तारखेपर्यंत आलेली रिलीज वापरता येते, पण थेट ई-इन्व्हॉइस काढण्यासारख्या ऑनलाइन सोयी थांबतात. कागदावर हा सौदा छान दिसतो. अडचण बाहेरून येते. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बंद करता येणार नाही असा, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला. ज्या प्रायव्हेट लिमिटेडचं टॅली जुन्या रिलीजवर थांबलेलं होतं, तिचं लायसन्स वैध होतं, सॉफ्टवेअर चालत होतं, आणि तरी ते कायद्याला चालेनासं झालं. प्रोप्रायटरला आणि भागीदारी पेढीला ही सक्ती नाही. पण जीएसटीचे नियम ज्या वेगानं बदलतात ते पाहता हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं रिन्यूअल चुकवून वाचवलेले पैसे अकाउंटंटच्या जादा तासांत जातात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार कमी ठाऊक असलेला: भाडं भरता भरता मालकी. हिंजवडी-खराडीच्या प्रोग्रॅमर मंडळींना जेटब्रेन्स या प्रोग्रॅमिंगची साधनं बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण माहीत असेल. सलग 12 महिन्यांचे पैसे भरले की सबस्क्रिप्शन सोडल्यावरही एक व्हर्जन कायमचं वापरता येतं. खोच एवढीच की ते व्हर्जन त्या 12 महिन्यांच्या सुरुवातीचं असतं, शेवटचं नव्हे. वर्षभर नव्या सोयी वापरून प्रोजेक्ट फाइल्स नव्या पद्धतीनं जतन केल्या आणि मग सोडलं, तर एक वर्ष मागे यावं लागतं. सोडण्याआधी महिनाभर त्या जुन्या व्हर्जनवर काम करून पाहा.

चौथा प्रकार निव्वळ भाडं. अडोबीनं मे 2013 मध्ये जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूट 6 नंतर नवी व्हर्जन्स फक्त सबस्क्रिप्शननं मिळतील. ऑटोडेस्कनं ऑटोकॅडसारख्या सुट्या उत्पादनांची कायमची लायसन्स 31 जानेवारी 2016 नंतर विकणं थांबवलं. या दोघांचं 'नवीन लाइफटाइम लायसन्स' आज कोणी स्वस्तात देऊ करत असेल, तर पुढे बोलूच नका. भाडं थांबलं की प्रोग्रॅम बंद. मायक्रोसॉफ्ट 365 थोडं सौम्य आहे: मुदतीनंतर फाइल उघडते, वाचता आणि छापता येते, पण बदल करता येत नाही.

कोटेशन आलं की काय तपासायचं

सगळ्यात आधी, लायसन्स कोणाच्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर नोंदलं जाणार आहे ते. निम्मी भांडणं इथली असतात. घाईत डीलर स्वतःचा किंवा कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या मुलाचा ईमेल टाकतो. तीन वर्षांनी मशीन बिघडतं, ओटीपी त्या ईमेलवर जातो, आणि तो मुलगा एव्हाना बंगळुरूला असतो. फर्मचा स्वतःचा एक ईमेल फक्त लायसन्ससाठी काढा, मोबाइल नंबर मालकाचा द्या, बिलावर फर्मचा जीएसटी नंबर घ्या.

मग प्रकार विचारा. ओईएम लायसन्स, म्हणजे मशीनमध्ये आधीच घालून आलेलं, ज्या मशीनबरोबर आलं त्यालाच बांधलेलं असतं. मदरबोर्ड बदलला की विंडोजचं असं लायसन्स सहसा गेलं असं धरून चाला. रिटेल लायसन्स एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. व्हॉल्यूम लायसन्स संस्थेच्या करारावर असतं, आणि पुढच्या व्हर्जनचा हक्क हवा असेल तर सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स ही मायक्रोसॉफ्टची जादा पैशांची योजना लायसन्सबरोबरच घ्यावी लागते. नंतर आठवण झाली म्हणून जुन्या लायसन्सवर ती चढत नाही.

दुकानातल्या लॅपटॉपवर 'एमएस ऑफिस लाइफटाइम फ्री' लिहिलेलं असतं, त्याचं पूर्ण नाव वाचा. 'होम अँड स्टुडंट 2021' असेल तर ते घरगुती वापरासाठी आहे. दवाखान्यात किंवा पेढीत वापरलं तर लायसन्सच्या अटीत बसत नाही, आणि आउटलुकही त्यात नाही. धंद्यासाठी 'होम अँड बिझनेस' लागतं.

ऑनलाइन पाचशे-सातशे रुपयांना मिळणाऱ्या 'लायसन्स की' (सॉफ्टवेअर चालू करायचे कोड) बहुधा कोणाच्या तरी व्हॉल्यूम करारातून फुटलेल्या असतात. त्या सुरू होतात, म्हणून माणूस खूश होतो. कंपनीनं ती की बाद केली की मशीन पुन्हा लायसन्स मागू लागतं. कुठल्याशा सर्व्हरला जोडून चालू केलेलं असेल, तर तसं ॲक्टिव्हेशन 180 दिवसांचंच असतं आणि सतत नूतनीकरण मागतं. बिल नसल्यामुळे तक्रारीलाही जागा नाही.

आकडेमोड

समजा विकत लायसन्स 60,000 रुपये, पहिलं वर्ष मेंटेनन्ससकट (म्हणजे टीएसएससारखी वार्षिक वर्गणी धरून), पुढे दरवर्षी 12,000. तेच सॉफ्टवेअर भाड्यानं वर्षाला 24,000. तीन वर्षांअखेर विकतचे 84,000 आणि भाड्याचे 72,000 होतात. चौथ्या वर्षाअखेर दोन्ही 96,000. पाचव्या वर्षापासून विकतचं स्वस्त. सूत्र सोपं आहे: विकतच्या किमतीतून पहिल्या वर्षाचं मेंटेनन्स वजा करा (60 वजा 12, म्हणजे 48 हजार) आणि भाडं व मेंटेनन्स यांच्यातल्या फरकानं (24 वजा 12) भागा. उत्तर 4 वर्षं. मेंटेनन्स घेतलंच नाही तर 60 भागिले 24, म्हणजे अडीच वर्षांत वसूल. पण मग तुम्ही गोठलेल्या व्हर्जनवर आहात, हे धरूनच पुढचं वाचा.

दोन्हीवर 18 टक्के जीएसटी लागतो. भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत असेल तर तो हिशेबातून काढा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला किंवा फक्त करमुक्त सेवा देणाऱ्या डॉक्टरला तो खर्चच आहे. आयकरात भाडं सहसा त्या वर्षाचा खर्च म्हणून पूर्ण जातं. विकतचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरबरोबर 40 टक्के घसाऱ्यात येतं, आणि त्या वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच घसारा मिळतो. म्हणजे 60,000 वर पहिल्या वर्षी 24,000, आणि फेब्रुवारीत घेतलं तर फक्त 12,000. मार्चअखेरीला 'टॅक्स वाचवायला' सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

या हिशेबात एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे खंड पडल्याचा दंड. इंजिनिअरिंगच्या बऱ्याच पॅकेजेसमध्ये मेंटेनन्स सोडून दोन वर्षांनी परत यायचं म्हटलं, की मागची थकबाकी किंवा वेगळं पुनर्प्रवेश शुल्क मागतात. सोडण्याआधी तो आकडा लेखी घ्या. उलट बाजूला, वार्षिक करार करून मासिक हप्ते भरण्याच्या योजना मासिक वाटतात पण मासिक नसतात: अडोबीच्या अशा योजनेत पहिल्या 14 दिवसांनंतर सोडलं, तर उरलेल्या रकमेच्या निम्मं शुल्क लागतं.

खरं आयुष्य फाइल ठरवते

तुमचं लायसन्स चालू असेल, पण समोरच्याची फाइल उघडली नाही तर त्याचा उपयोग काय? ऑटोकॅडचं फाइल स्वरूप 2013 ते 2017 एक, आणि 2018 पासून 2025 पर्यंत दुसरं. 2016 चं कायमचं लायसन्स असलेल्या कोथरूडमधल्या आर्किटेक्टला स्ट्रक्चरल इंजिनिअरची आजची डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल, उघडणार नाही. 'सेव्ह ॲज' करताना 2013 निवडून पाठवायला सांगितलं की काम होतं. जुन्या व्हर्जनवर राहायचं असेल तर ही सूचना ईमेलच्या सहीखाली कायमचीच टाका. कोरलड्रॉमध्येही जतन करताना जुनं व्हर्जन निवडता येतं. इनडिझाइन या अडोबीच्या पानं मांडायच्या प्रोग्रॅमची फाइल मागच्या व्हर्जनला द्यायची तर आयडीएमएल स्वरूपात काढावी लागते. सॉलिडवर्क्समध्ये मागच्या व्हर्जनसाठी जतन करण्याची सोय 2024 पासून आली, तीही दोनच व्हर्जन मागे. त्यामुळे चाकणच्या कंपनीला सुटे भाग पुरवणारा व्हर्जन स्वतः निवडतच नाही, त्याचा ग्राहक निवडतो.

डीटीपीवाल्यांचं दुखणं जुनं आहे. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमचं शेवटचं मुख्य व्हर्जन 7, तेही 2001 चं. त्या फाइल्स इनडिझाइन सीएस6 (क्रिएटिव्ह सूट 6 मधलं) पर्यंतच उघडतात, त्यापुढच्या भाड्याच्या सीसी व्हर्जनमध्ये नाही. शिवाय मजकूर युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे तो बदलून घेणं हे आणखी एक काम. जुनं मशीन चालतंय तोवर सगळ्या महत्त्वाच्या फाइल्स सीएस6 मधून बदलून घ्या आणि प्रत्येकाची पीडीएफही काढून ठेवा.

ॲक्टिव्हेशन हा दुसरा कच्चा दुवा. अडोबीनं सीएस2 आणि सीएस3 चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले; लायसन्स कायमचं होतं, ते नव्यानं चालू करून देणारा सर्व्हर कायमचा नव्हता. यूएसबी लॉकवर, म्हणजे मशीनला लावायच्या छोट्या किल्लीवर, चालणाऱ्या पॅकेजना सर्व्हर लागत नाही, पण लॉकचा ड्रायव्हर लागतो. विंडोज 11 मधलं मेमरी इंटेग्रिटी हे संरक्षण काही जुने ड्रायव्हर अडवतं. नवीन मशीनची ऑर्डर देण्याआधी लॉक दुसऱ्या कोणाच्या विंडोज 11 वर लावून पाहा. मॅकवाल्यांनी 2019 च्या मॅकओएस कॅटालिनात हेच अनुभवलं: 32 बिटचे प्रोग्रॅम बंद, त्यात कायमचं विकत घेतलेलं ऑफिस 2011 सुद्धा.

मशीन बदलताना आणि रिन्यूअलच्या वेळी

फॉरमॅट मारण्याआधी लायसन्स सोडा. टॅलीत त्याला 'सरेंडर' म्हणतात, अडोबीत साइन आउट, इतर ठिकाणी डीॲक्टिव्हेट. हे आधी केलं नाही तर लायसन्स जुन्या मशीनच्या नावावर अडकून राहतं आणि कंपनीच्या सपोर्टला फोन करत बसावं लागतं. तोवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये चालतं, ज्यात महिन्याच्या ठरावीक दोन-तीन तारखांच्याच नोंदी करता येतात. हे 20 तारखेला, रिटर्नच्या दिवशी कळणं बरं नव्हे. नवीन रिलीज टाकण्याआधी डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, टॅलीप्राइम 3.0 सारख्या रिलीजमध्ये डेटा एकदा बदलला की तो जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही.

कार्डावरून आपोआप रिन्यूअल होईल या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (कार्डावरून आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीच्या) नियमांनुसार 15,000 रुपयांवरच्या अशा व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागतो. वार्षिक ऑटोकॅडची रक्कम त्याहून मोठी असते. ओटीपीचा मेसेज मालकाच्या फोनवर येतो, मालक गावाला असतात, आणि सोमवारी ड्राफ्ट्समन हातावर हात ठेवून बसतो. मुदतीच्या 30 दिवस आधीची आठवण कॅलेंडरमध्ये दोघांच्या नावानं लावा.

साइटवर किंवा बंद नेटवर्कमध्ये काम असेल तर भाड्याच्या सॉफ्टवेअरला किती दिवसांनी इंटरनेट लागतं ते विचारा. मायक्रोसॉफ्ट 365 ला साधारण 30 दिवसांत एकदा, अडोबीला वार्षिक योजनेत 99 दिवसांपर्यंत चालतं.

सबस्क्रिप्शन सोडायचं ठरलं तर रद्द करण्याचं बटण शेवटी दाबा. आधी क्लाउडवरच्या फाइल्स उतरवा, प्रत्येक प्रकारची एक फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहा, ईमेल त्यावर असतील तर ते वेगळे काढा. मायक्रोसॉफ्ट 365 च्या बिझनेस योजनेत मुदतीनंतर 30 दिवस सगळ्यांना वापर करता येतो, पुढचे 90 दिवस फक्त ॲडमिनला आत जाता येतं, आणि मग डेटा पुसला जातो. ते 90 दिवस उपयोगी पडायचे तर ॲडमिनचा पासवर्ड ऑफिसातल्या माणसाकडे हवा, डीलरकडे नको.