उन्हाळी सत्रात शेजारच्या बाकावर कोण असतं?

इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारतं, "उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजला एखादा कोर्स घ्यावा म्हणतेय. सुट्टीतला असतो, सोपा जात असेल ना?" विचारणारी एक तर नुकतीच एच-फोरवर, म्हणजे इथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर आलेली असते, नाहीतर दहावी-अकरावीतल्या मुलाची आई असते. सोपा जात नाही, हे पहिलं उत्तर. दुसरं जरा लांबलचक आहे, म्हणून एकदा लिहूनच काढते.

मी पुण्याची बी.कॉम. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात आल्यावर इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्वस्त सरकारी कॉलेजात, संख्याशास्त्र आणि डेटाचे कोर्स केले, त्यातले काही उन्हाळ्यात. आता अशाच एका कॉलेजच्या रिसर्च ऑफिसात काम करते. कोणत्या सत्रात किती जणांनी नाव घातलं, ते कोण होते, कितीजण टिकले, हे मोजायचं आणि वरच्यांना सांगायचं, असं काम. त्यामुळे उन्हाळी सत्र बाकावरूनही पाहिलंय आणि तक्त्यांतूनही. माझं म्हणणं एवढंच की उन्हाळ्यात कॉलेज तेच, इमारत तीच, पण माणसं वेगळी असतात. ती कोण हे कळलं की जागा कुठे पटकन भरतात, वर्ग कुठला रद्द होतो आणि शिकवणारा एवढा का पळतो, याचा उलगडा आपोआप होतो.

अगदी नवीन असाल तर थोडं मागचं. अमेरिकेतलं पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजांना तेव्हा असं म्हणत) 1901 साली इलिनॉयमधल्या जोलिएटला सुरू झालं, कॅलिफोर्नियातलं पहिलं 1910 मध्ये फ्रेस्नोला. आज या एका राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत. प्रवेश परीक्षा नाही, वयाची वरची अट नाही, अर्ज फुकट. राज्याचे रहिवासी ठरलात तर 2012 च्या उन्हाळ्यापासून युनिटमागे (कोर्स केवढा ते मोजायचं माप) 46 डॉलर फी आहे, म्हणजे तीन युनिटांचा कोर्स 138 डॉलरला पडतो. डी अँझा, फूटहिल यांसारख्या क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असलेल्या कॉलेजांत युनिट लहान असतं आणि त्याला 31 डॉलर. पुस्तकं, आरोग्य शुल्क, पार्किंग हे वेगळं.

आता माणसं. उन्हाळ्यात सगळ्यात आधी डोळ्यात भरतात ती पाहुणी मुलं. ती शिकतात बर्कलीला, डेव्हिसला, लॉस एंजेलिसला किंवा पार दुसऱ्या राज्यात, आणि सुट्टीत घरी आली की कॅल्क्युलस, ऑरगॅनिक केमिस्ट्री नाहीतर स्टॅटिस्टिक्स स्वस्तात उरकून घेतात. मे-जूनमध्ये काउंटरवर मदतीला बसले की हा वर्ग ओळखू येतो. पाठीवर विद्यापीठाचं नाव छापलेला स्वेटशर्ट, हातात फोन, फोनवर असिस्टचं पान उघडलेलं. असिस्ट म्हणजे इथला कोणता कोर्स यूसी किंवा सीएसयू या राज्याच्या दोन विद्यापीठ-समूहांतल्या कोणत्या कोर्सच्या बरोबरीचा मानला जातो, हे सांगणारी राज्याची साइट. प्रश्नही ठरलेला: "हा घेतला तर माझा तो सुटेल ना?" कॉलेजशी त्यांचं नातं सहा-आठ आठवड्यांचं. पदवी घ्यायची नाही, काउन्सेलरला भेटायचं नाही, सप्टेंबरमध्ये पुन्हा दिसायचं नाही.

यातली गंमत कॅलेंडरमध्ये आहे. बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर चालतात, तिथली मुलं मेच्या मध्याला मोकळी होतात. बाकीचे बहुतेक यूसी कॅम्पस क्वार्टरवर, त्यांची परीक्षा जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळते. इकडच्या शाळा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास सुटतात. म्हणून मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडणाऱ्या पहिल्या उन्हाळी सत्रात गर्दी थोडी विरळ, आणि जूनच्या उत्तरार्धातल्या किंवा जुलैतल्या दुसऱ्या सत्रात विज्ञान-गणिताचे वर्ग ओसंडून वाहणारे, असं चित्र दिसतं. तुम्हाला कोणत्याही विद्यापीठाच्या सुट्टीची वाट पाहायची नसेल तर पहिलं सत्र धरा. एवढ्या साध्या गोष्टीने वेटलिस्ट टळू शकते.

दुसरा मोठा गट हायस्कूलच्या मुलांचा, आणि हा वर्षागणिक वाढतोय. आपली मराठी मंडळी यात हिरिरीने उतरलेली आहेत, म्हणून इथे जरा थांबते. शाळेत शिकता शिकता कॉलेजचे कोर्स करायची सोय कॅलिफोर्नियात जुनीच आहे. 2015 च्या कायद्याने शाळा आणि कॉलेजांनी करार करून असे कोर्स चालवायला नवी वाट करून दिली. बहुतेक ठिकाणी या मुलांना नोंदणी फी माफ असते. शाळेची आणि पालकांची सही लागते, आणि ती मे महिन्यातच घ्यावी लागते, कारण जूनमध्ये शाळेचं ऑफिस बंद. नोंदणीच्या रांगेत मात्र त्यांचा नंबर सहसा शेवटून असतो. त्यामुळे मुलाला ठरावीक वेळेचा ठरावीक वर्ग मिळेलच या भरवशावर भारताची तिकिटं काढू नका.

काउंटरवरचा एक प्रसंग दर उन्हाळ्यात वेगवेगळ्या आईबापांच्या तोंडून घडतो. मुलगा पंधरा वर्षांचा, मागे खांदे पाडून उभा. आई पुढे. "त्याला किती मार्क पडलेत ते बघून सांगा." सांगता येत नाही. फर्पा नावाच्या केंद्रीय कायद्यानुसार मूल कॉलेजात शिकायला लागलं की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो, वय काहीही असो. "अहो, पण मी त्याची आई आहे!" यावर आम्ही फक्त मान डोलावू शकतो. पंधरा वर्षांच्या मुलाला या वर्गात ढकलण्याआधी हेही लक्षात घ्या की इथली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची बसते आणि पुढे विद्यापीठाच्या अर्जात दाखवावी लागते. आवड असलेल्या मुलाने खगोलशास्त्र किंवा सिरॅमिक्स जरूर घ्यावं. शेजारच्याने घेतलं म्हणून कॅल्क्युलस घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मंडळात फारसं लोकप्रिय नाही.

अशा वेगवेगळ्या गटांमुळे तक्त्यात एक फसवं चित्र तयार होतं. उन्हाळ्याचं सरासरी वय काढलं तर शाळकरी मुलं ते खाली ओढतात, नोकरी करून शिकणारे वर ओढतात, आणि मधे जो आकडा येतो त्या वयाचं वर्गात फारसं कुणी नसतं. म्हणून सरासरी बघायचीच नाही, वयाचे गट पाडून बघायचे. वंशाच्या रकान्यांचंही तसंच. राज्यभरातल्या कम्युनिटी कॉलेजांत जवळपास निम्मे विद्यार्थी लॅटिनो आहेत, पण उन्हाळ्यात पाहुण्या मुलांमुळे बे एरियातल्या वर्गाचा तोंडवळा त्याहून बराच वेगळा दिसू शकतो. आपण 'एशियन' या रकान्यात जातो. तिथे फिलिपिनो वेगळे मोजले जातात. भारतीय, चिनी, व्हिएतनामी सगळे एका डब्यात. मराठी किती, हे कोणत्याच तक्त्यातून निघत नाही. ते हजेरीतली आडनावं वाचताना कळतं.

कॉलेजचे खरे नेहमीचे विद्यार्थी, म्हणजे दिवसा दुकानात किंवा गोदामात काम करून घरातले पहिलेच कॉलेजला आलेले, त्यांच्यासाठी उन्हाळा बऱ्याचदा कमाईचा असतो. 2017 मध्ये केंद्राची पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न फेडायची मदत, पुन्हा उन्हाळ्यातही मिळायला लागली तेव्हा त्यांना जरा हात मिळाला. (एच-फोरवाल्यांना केंद्राची मदत मिळत नाही, हे जाता जाता.) राज्याच्या बजेटचाही उन्हाळ्यावर थेट परिणाम होतो. 2009 नंतरच्या मंदीत कॉलेजांनी पहिली कात्री लावली ती उन्हाळी वर्गांना. 2020 मध्ये सगळं ऑनलाइन गेलं आणि पुढे वर्ग परत उघडले, तरी उन्हाळ्याचा मोठा हिस्सा ऑनलाइनच राहिला. नोकरी, मुलं, भारतवारी यांत बसवायला लोकांना तेच बरं पडतं.

ऑनलाइनबरोबर एक नवीन भानगड आली: भूत-विद्यार्थी. चोरलेल्या किंवा बनावट ओळखींवर टोळ्या अर्ज करतात, ऑनलाइन वर्गात जागा अडवतात आणि आर्थिक मदत उचलून गायब होतात. 2021 पासून कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांना याने हैराण केलंय. नोंदणी एका आठवड्यात एकदम फुगली की आमच्या ऑफिसात आनंद नाही, आधी संशय येतो. तुम्हाला याचा चटका दोन ठिकाणी बसेल. एक, वेटलिस्ट दिसते तेवढी खरी नसते, म्हणून विसावा नंबर आला तरी नाव काढून घेऊ नका. दोन, पहिल्या दिवशी कॅनव्हासवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवर जाऊन जे काही सांगितलं असेल ते केलं नाही, तर शिक्षक तुम्हालाही भूत समजून वर्गातून काढतील. साधारणपणे "स्वतःची ओळख लिहा" एवढंच असतं. दोन ओळी लिहा, पण त्याच दिवशी लिहा. मुंबईहून येणाऱ्या विमानात असाल तर आदल्या दिवशी शिक्षकांना ईमेल टाका.

आता वेग. तीन युनिटांच्या कोर्समागे साधारण 54 तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे 162 तास. सेमिस्टरमध्ये ते चार महिन्यांत पसरतात. सहा आठवड्यांच्या उन्हाळी कोर्समध्ये आठवड्याला 27 तास होतात. एक कोर्स म्हणजे अर्धवेळ नोकरी, दोन म्हणजे पूर्णवेळ आणि वर ओव्हरटाइम. तारखाही तशाच आक्रसतात. ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' (कोर्स मधेच सोडल्याची खूण) न लागता कोर्स सोडायची मुदत कोर्सच्या पहिल्या 20 टक्क्यांत संपते, आणि पैसे परत मिळायची 10 टक्क्यांत. सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये 10 टक्के म्हणजे पहिल्याच आठवड्यातले तीन-चार दिवस. "एक चाचणी देऊन बघते, मग ठरवते" म्हणेपर्यंत दोन्ही दारं बंद झालेली असतात.

आपल्यातल्या नव्याने आलेल्यांसाठी सगळ्यात महागात पडू शकणारी गोष्ट रहिवासाची. एच-फोर किंवा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना कॅलिफोर्नियात रहिवासी ठरता येतं, पण सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचा पुरावा लागतो. त्याआधी घेतलं तर 46 ऐवजी युनिटमागे काही शे डॉलर मोजावे लागतात. समजा तुम्ही गेल्या जुलैत आलात. मग यंदाच्या जूनच्या सत्रात तुम्ही परक्या, ऑगस्ट-सप्टेंबरच्या फॉलमध्ये घरच्या. अशा वेळी उन्हाळा सोडून द्यावा, हेच मी सांगते. आणि एकदा परक्या म्हणून नोंद झाली की वर्ष भरल्यावर ती आपोआप बदलत नाही. फेरवर्गीकरणाचा अर्ज द्यावा लागतो. लीज, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स यांच्या तारखा त्यात लागतात, तेव्हा पहिल्या दिवसापासून कागद जपून ठेवा.

आपल्या बायका उन्हाळ्यात सगळ्यात जास्त दिसतात त्या ईसीई म्हणजे बालशिक्षणाच्या आणि अकाउंटिंगच्या वर्गांत. परवानाधारक प्रीस्कूलमध्ये शिक्षिका व्हायला ईसीईची 12 युनिटं आणि थोडा अनुभव लागतो, त्यामुळे मूल शाळेत जायला लागलं की हा रस्ता जवळचा वाटतो. संध्याकाळच्या वर्गात डब्यातली पोळी-भाजी संपवून, बाळाच्या झोपेच्या वेळांचं निरीक्षण-टिपण इंग्रजीत रंगवून सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात. शिक्षिकेपेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतं. अकाउंटिंगवाल्यांचं लक्ष सीपीएकडे, म्हणजे इथल्या सीएकडे असतं. त्या परीक्षेचे नियम बदलत असतात, तेव्हा युनिटांचा हिशोब मैत्रिणीच्या अनुभवावर न करता राज्याच्या बोर्डाच्या साइटवरून करा. कोर्सला पूर्वअट असेल तर भारतातल्या पदवीचं मूल्यांकन इथल्या मान्य संस्थेकडून करून घ्यावं लागतं आणि त्याला काही आठवडे जातात. जूनचा वर्ग हवा असेल तर मार्चमध्येच भारतातल्या विद्यापीठाच्या मागे लागायचं.

कुणाला माझ्यासारखं आकड्यांच्याच कामात यायचं असेल तर एक खाच सांगून ठेवते. राज्याचं आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं आणि उन्हाळी सत्र बरोबर त्या रेषेवर पाय फाकून उभं असतं. अशा वर्गांचे पूर्णवेळ-विद्यार्थी-समतुल्य, म्हणजे एफटीईएस (सगळ्यांचे वर्गाचे तास मिळून किती पूर्णवेळ विद्यार्थी होतात तो आकडा), या वर्षात दाखवायचे की पुढच्या, याची मुभा कॉलेजांना असते, आणि अनुदानाचं गणित बघून ते इकडचे तिकडे सरकवले जातात. त्यामुळे एका वर्षी उन्हाळा दुप्पट वाढलेला आणि पुढच्या वर्षी जवळजवळ नाहीसा झालेला दिसू शकतो, वर्गात मात्र तेवढीच माणसं बसलेली असतात. वाढ-घट बघायची तर डोकी मोजा, आणि एकाच माणसाने तीन वर्ग घेतले असतील तर ते तीन वेळा मोजलं गेलंय का ते तपासा. राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांच्या कुलपती कार्यालयाची डेटा मार्ट ही आकडेवारीची साइट सगळ्यांना खुली आहे. मुलाखतीआधी त्या कॉलेजचा पाच वर्षांचा उन्हाळा तिथून काढून बघितलात तर बोलायला भरपूर मिळेल.

शेवटचं, रद्द होणाऱ्या वर्गांबद्दल. पाहुणी मुलं ज्या विषयांकडे फिरकत नाहीत, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचे भाषेचे वर्ग, ईसीईचे पुढचे कोर्स, कॅम्पसवरचे सकाळचे वर्ग, ते पुरेशी नावं आली नाहीत तर सत्र सुरू व्हायच्या आसपास रद्द होतात. असा वर्ग घेतला असेल तर भरलेल्या जागांचा आकडा दर एक-दोन दिवसांनी बघत राहा, दुसऱ्या सत्रातला पर्याय हेरून ठेवा, आणि ओळखीतल्या कुणाला तोच कोर्स करायचा असेल तर तिला आत्ताच नाव घालायला सांगा. चार-पाच नावांवर वर्ग वाचलेले मी पाहिलेत.