स्वस्त सुपरझूम लेन्स निवडताना ऑटोफोकसची पारख

इंदूरला रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, तेव्हा हवेत गुलाल आणि पाण्याचे फवारे इतके दाटलेले असतात की कॅमेऱ्याची लेन्स काढून दुसरी लावण्याचा विचारही करू नये. १८ मिमीला राजवाड्याची दर्शनी बाजू आणि २०० मिमीला समोरच्या गच्चीवरचा चेहरा एकाच लेन्सने टिपता येतो, ही सुपरझूमची, म्हणजे रुंद दृश्यापासून दूरच्या विषयापर्यंत मोठा पल्ला असलेल्या लेन्सची, खरी सोय अशा वेळी पटते. मात्र तीच लेन्स अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांच्या (सजवलेल्या देखाव्यांच्या) मिरवणुकीत पूर्ण झूम करून धरली, तर शटरचे बटण अर्धे दाबूनही ती फोकस शोधत बराच वेळ पुढे-मागे फिरत राहण्याची शक्यता असते. म्हणून झूमचा आकडा किती मोठा आहे हे पाहण्याआधी आपण बहुतांश छायाचित्रे कोणत्या उजेडात काढणार आहोत, हे ठरवावे.

या अडचणीचे मूळ लेन्सवर छापलेल्या एफ/३.५-६.३ या आकड्यांत आहे; एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके उजेड आत घेणारे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान. १८ मिमीला एफ/३.५ एवढे उघडणारे अ‍ॅपर्चर २०० मिमीला एफ/६.३ पर्यंतच उघडते, म्हणजे सेन्सरवर पडणारा उजेड एक तृतीयांशाहूनही कमी होतो. डीएसएलआरमधील (आरसा असलेल्या कॅमेऱ्यातील) फेज डिटेक्शन पद्धत लेन्सच्या दोन विरुद्ध कडांकडून येणाऱ्या प्रतिमा ताडून अंतर ठरवते आणि तिचे बहुतेक फोकस बिंदू एफ/५.६ पर्यंतच्या लेन्स गृहीत धरून आखलेले असतात. एफ/६.३ ची लेन्स त्या मर्यादेच्या थोडी पलीकडे असते. भर उन्हात हे जाणवत नाही, पण तिन्हीसांजेला एकरंगी साडीवर किंवा सपाट भिंतीवर फोकस करताना लगेच जाणवते. कॅननच्या १५००डीमध्ये ९ आणि निकॉनच्या डी३५००मध्ये ११ फोकस बिंदू असले, तरी दोन्हींत क्रॉस प्रकारचा (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा) बिंदू फक्त मधला आहे. तेव्हा पूर्ण झूमवर तोच निवडावा आणि तो कपड्याच्या काठावर, अक्षरांवर किंवा डोळ्यावर, म्हणजे जिथे गडद आणि फिकट भाग स्पष्टपणे भेटतात तिथे ठेवावा. मिररलेस कॅमेऱ्यात फोकसचे मोजमाप सेन्सरवरच होत असल्याने एफ/६.३ ची अडचण बरीच कमी होते, परंतु लेन्सची मोटार मंद असेल तर तिथेही तो मंदपणा राहतोच.

मोटारीबद्दल दुकानात कुणी आपणहून फारसे बोलत नाही. २०१५ साली आलेली टॅमरॉनची १८-२०० मिमी व्हीसी ही साधारण ४०० ग्रॅमची लेन्स हलकी आणि परवडणारी असली, तरी तिच्यात साधी डीसी मोटार गिअरमधून फोकस फिरवते. दिवसाउजेडी स्थिर विषयांना ती पुरते, धावत्या मुलांना मात्र अनेकदा पुरत नाही. जुनी लेन्स घेणाऱ्या निकॉनधारकांनी आणखी एक गोष्ट तपासावी: डी३५०० किंवा डी५६००सारख्या बॉडीत (लेन्सविना कॅमेऱ्यात) फोकसची मोटार नसते, त्यामुळे लेन्समध्येही ती नसेल तर ऑटोफोकस मुळीच चालणार नाही. व्हीसी, व्हीआर किंवा आयएस या अक्षरांनी दाखवलेली कंपनरोधक सोय हाताची थरथर सावरते. तिच्यामुळे फोकस वेगाने होत नाही आणि हलणारा माणूसही स्थिर दिसत नाही.

खरेदीला जाताना आपलीच बॉडी सोबत न्यावी. लेन्स २०० मिमीवर नेऊन आधी काउंटरवरच्या वस्तूवर आणि लगेच दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील खोक्यावर फोकस करून पाहावा, आणि ती एका झटक्यात थांबते की टोकापर्यंत जाऊन परत येते, हे लक्षपूर्वक बघावे. त्यानंतर तेच दृश्य एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर पाहून) टिपून दोन्ही छायाचित्रे मोठी करून ताडावीत. लाइव्ह व्ह्यूचे स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचे सतत अस्पष्ट येत असेल, तर लेन्स आणि बॉडी यांचे मोजमाप जुळत नाही असे समजावे. सुरुवातीच्या श्रेणीतील बॉडीत ही चूक सुधारण्याची सोय सहसा नसते, म्हणून ती लेन्स तिथेच परत करणे उत्तम. लेन्स खाली झुकवल्यावर झूमची नळी आपोआप घसरते का आणि काचेत बुरशी आहे का, हे जुन्या मालात पाहावेच.

वापरताना झूम आधी आणि फोकस नंतर करावा, कारण अशा अनेक लेन्समध्ये झूम बदलला की फोकस सरकतो. पूर्ण झूमवर एफ/८ ठेवल्यास चित्र अधिक रेखीव येते आणि डीएसएलआर फोकस करताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडेच ठेवत असल्याने ऑटोफोकसचे त्यात काही बिघडत नाही.

इंदूरच्या सिरपूर तलावावर उडणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे. मोकळ्या आकाशात पक्षी बिंदूवरून सुटला की लेन्स फोकसचा संपूर्ण पल्ला फिरून येते, आणि हा पल्ला मर्यादित करणारे बटण स्वस्त सुपरझूमवर सहसा नसते. पक्ष्याइतक्याच अंतरावरील झाडावर आधी फोकस करून मग सलग फोकसच्या मोडमध्ये त्याचा पाठलाग केला, तर हा वेळ बराच वाचतो. तरीही पक्षी हाच मुख्य विषय असेल आणि बॉडी कॅननची असेल, तर कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सच्या जोडीला ५५-२५० मिमी एसटीएम (स्टेपिंग मोटारची) लेन्स घ्यावी. ती पूर्ण झूमवर एफ/५.६ पर्यंत उघडते, आणि तलावाच्या काठावर गुलाल उडत नसल्याने लेन्स बदलायला सवडही मिळते.