बासचा पहिला कॅब शक्यतो ८ ओहमचाच घ्या

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळला बँडसाठी पहिला बास कॅब (म्हणजे बास गिटारच्या स्पीकरचा डबा) घेताय ना, मग वॅट नंतर बघा, आधी मागे लिहिलेला ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युत अडथळ्याचा, आकडा वाचा. बरेचसे बास अँप (अँप्लिफायर) ४ ओहमच्या खाली चालत नाहीत, म्हणून पहिला ८ चा घ्या म्हणजे पुढे तसाच दुसरा पॅरललमध्ये जोडला की बरोब्बर ४ होतात, पण ४ चे दोन जोडलेत तर २ होतात आणि अँप तापून बंद पडतो नाहीतर उडतोच. आणि प्लीज, अँपपासून कॅबला गिटारची केबल नको, स्पीकर केबलच लावा. सुताराकडून बनवून घेणार असाल तर १८ मिमी प्लायच सांगा, पार्टिकल बोर्ड आपल्या पावसाळ्यात फुगतो.