फडातून डांबरी रस्त्यावर येताना: ट्रकच्या टायरमधील हवेबाबत या चुका टाळा

उसाने भरलेला ट्रक ओल्या काळ्या रानात रुतू लागला, की चालक टायरची हवा सोडतो. त्यात गैर काही नाही. हवा उतरली, की टायर जमिनीवर अधिक लांब टेकतो, वजन जास्त जागेवर पसरते आणि चाक मातीत खोल जात नाही. घोटाळा होतो तो पुढे, कारण तोच भरलेला ट्रक त्याच हवेवर डांबरी रस्त्याला लागतो आणि वेग घेत कारखान्याकडे निघतो. हवा कमी असलेल्या टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, प्रत्येक फेऱ्याला दबते आणि पुन्हा उभी राहते, त्या हालचालीने टायर आतून तापतो, रबराची आतल्या थरांवरील पकड सुटत जाते आणि वाटेत टायर फुटला, की दोष टायरच्या माथी बसतो. म्हणून हवा सोडण्यापूर्वीच ती परत कोठे भरायची, हे ठरवून ठेवावे. ट्रकच्या ब्रेकच्या टाकीला नळी जोडून हवा भरता येते. मात्र टाकीत जितका दाब असेल, त्याच्या वर टायर जाणार नाही, हे ध्यानात ठेवावे. किती पौंड (दर चौरस इंचावरील दाब) उतरवायचे, हे टायर कंपनीच्या तक्त्यात वजन आणि वेग पाहून ठरवावे, अंदाजाने नव्हे.

खडीच्या खदानीत हा उपाय करू नये. तेथे जमीन कडक आणि दगड धारदार असतात. हवा कमी केली, की बगल बाहेर फुगते आणि नेमकी तीच चिरली जाते.

हवा नेहमी थंड टायरवर, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतर, मोजावी. सकाळी ११० पौंड भरलेला टायर दुपारी धावून तापल्यावर १२० ते १२५ दाखवील, आणि ते स्वाभाविक आहे. ती ‘जादा’ हवा सोडून दिली, तर टायर थंड झाल्यावर शंभराच्या आसपास येतो. टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून हवा ओळखणारे जाणकार प्रत्येक अड्ड्यावर भेटतात, परंतु वीस पौंडांचा फरक त्या आवाजात कळेलच असे नाही. गेज लावावा, आणि तो गेजही अधूनमधून दुसऱ्या गेजशी ताडून पाहावा.

जोडचाकाच्या, म्हणजे मागे एकाच बाजूला शेजारी बसवलेल्या दोन चाकांच्या, आतल्या टायरकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, कारण त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही. आतल्या टायरची हवा उतरली, की त्याचा भार बाहेरच्यावर पडतो, आणि दोघांचा घेर वेगळा झाल्याने एक टायर रस्त्यावर घासत फिरतो. दोन्हींतील फरक ५ पौंडांच्या आत ठेवावा आणि व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्यावी. गेज लावायला वाकलाच आहात, तर दोन टायरांच्या फटीत अडकलेला दगडही काढून टाकावा; बगलेला घासत राहिलेला दगड ती बगल कापत जातो.

नेमून दिलेल्या दाबापेक्षा २० टक्के कमी हवेवर, म्हणजे ११० ऐवजी ८८ किंवा त्याहून खाली, धावलेल्या टायरमध्ये तशीच हवा भरू नये. तो उतरवून, रिमवरून काढून आतून तपासावा, कारण आतल्या तारा तुटलेली बगल हवा भरतानाच फाटू शकते. टायर अडकवून धरणारी सुटी लोखंडी रिंग असलेल्या रिमवर धोका दुप्पट आहे: नीट न बसलेली रिंग उडाली, तर समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. असा टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरावा, नळी लांब घ्यावी आणि रिंगसमोर उभे न राहता टायरच्या नक्षीच्या बाजूला उभे राहावे.